कल्याण ते ठाणे, व्हाया एफपीएस

नव्या ग्राफिक्स कार्डाचं बजेट नाही आणि जुना पीसी ऐन लढाईत धापा टाकतोय... मग काय, एका रविवारी कॅबिनेट चादरीत गुंडाळून केलेली ही सफर!

शुक्रवार, रात्रीचे अकरा. कल्याणहून एक, डोंबिवलीतून दोन, ठाण्याहून एक... पिकनिकची मोजणी चाललीय असं वाटलं ना? तर ही आमची टीम. शाळेत शेवटच्या दोन बाकांवर बसणारे आम्ही चौघं. आता एक जण कल्याण पश्चिमेला, आम्ही दोघं डोंबिवली पूर्वेला आणि चौथा लग्न झाल्यावर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये जाऊन पक्का 'ठाणेकर' झालेला. रुळांवरून मोजलं तर कल्याण ते ठाणे अंतर वीस किलोमीटर. प्रत्यक्ष भेट मात्र वर्षातून दोनदा, त्यातली एक दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर. बाकीचं वर्षभर आमचा कट्टा कॉम्प्युटरवरच भरतो. हेडफोन चढवायचे, 'व्हॅलोरंट' नाहीतर 'काऊंटर स्ट्राइक' सुरू करायचं, पाचवा भिडू मिळेल तो घ्यायचा आणि गोळ्या झाडता झाडता कुणाच्या बाबांची अँजिओप्लास्टी, कुणाचं अप्रेझल, कुणाचा होम लोनचा हप्ता, सगळं बोलून घ्यायचं.

प्रॉब्लेम एकच होता. माझा पीसी.

एप्रिल उजाडला आणि त्याने अडखळायला सुरुवात केली. पहिला अर्धा तास मस्त. साडेअकरा वाजले की शत्रू दारात दिसायचा, मी माऊस हलवायचो आणि चित्र जागच्या जागी थिजायचं. सुटायचं तोवर मी मेलेलो! तिघं आधी हसले, मग वैतागले, मग एकाने अगदी प्रेमाने सांगितलं, "तू आज नुसता ऐक रे." दोन शुक्रवार मी नुसता ऐकला. तिसऱ्या शुक्रवारी लॉगइनच केलं नाही. वाटलं, कुणीतरी फोन करेल. कुणीच केला नाही. वाईट म्हणून नव्हे हो, त्यांना पाचव्यासारखा चौथाही मिळाला असणार. पण त्या रात्री झोप काही लागली नाही.

शनिवारी सकाळी नव्या मशीनचे भाव बघितले आणि लॅपटॉप मिटून टाकला. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी जगातली मेमरी अशी काही ओढून घेतली, की रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रूशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार असल्याचंच जाहीर केलं. म्हणजे नवं घेणं कटाप. कल्याणच्या मित्राचा मोठा भाऊ कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो, आम्हा सगळ्यांचा तो दादा. त्याला फोन लावला.

"दादा, ग्राफिक्स कार्ड बदलू का?"

"कार्डाचं नंतर बघू. उद्या कॅबिनेट घेऊन ये इकडे."

चादरीतला पीसी

डेस्कटॉप घेऊन लोकलने जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळून सॅकमध्ये ठेवा, कारण ते वजनदार असतं आणि धक्क्यांनी स्लॉटची वाट लागते. आणि ट्रेन उलट्या दिशेची पकडा. रविवारी सकाळी डोंबिवलीहून कल्याणकडे जाणाऱ्या स्लो गाडीत मला चक्क विंडो सीट मिळाली, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट. शेजारच्या काकूंनी "बाळ झोपलंय का?" अशा नजरेने बघून घेतलं. मध्ये फक्त ठाकुर्ली, त्यामुळे स्पष्टीकरण द्यायला वेळच मिळाला नाही.

दादाचं वर्कशॉप टिळक चौकाजवळच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. तिथे एकही मशीन जमिनीवर ठेवलेलं नसतं, सगळी कमरेच्या उंचीवरच्या फळ्यांवर. ही सवय २६ जुलै २००५ची. उल्हास आणि वालधुनी गावात शिरल्या त्या रात्रीनंतर लोक चिखलाने भरलेली कॅबिनेट्स घेऊन रांगेत उभे होते, असं दादा सांगतो. कुणाचा प्रोजेक्ट आत, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो. हार्ड डिस्क वाचली की माणूस रडायचा, म्हणे.

त्याने माझ्या कॅबिनेटची बाजू उघडली आणि नुसता माझ्याकडे बघितला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली राखाडी रंगाची गादी तयार झाली होती. गादीच! उचलली तर अख्खी निघाली.

"सुरू करून दाखवतो," म्हणत त्याने आपला मॉनिटर जोडला, कार्ड बसवलं, 'एचडब्ल्यू इन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालू केलं आणि मला गेम खेळायला बसवलं. वीस मिनिटांत प्रोसेसर नव्वद अंशांवर जाऊन चिकटला. आणि तो चिकटला त्याच क्षणी स्पीडचा आकडा घसरायला लागला.

"कळलं? तुझं मशीन म्हातारं झालेलं नाही. जीव वाचवायला हळू चालतंय."

याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना ९० ते १०० अंशांच्या दरम्यान एक लक्ष्मणरेषा आखून दिलेली असते. तिथे पोचलं की चिप स्वतःच आपला वेग कमी करते, म्हणजे जळायला नको. मी तीन आठवडे ज्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या, त्याचा यात काही संबंधच नव्हता. 'व्हॅलोरंट', 'काऊंटर स्ट्राइक' यांसारखे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवरच जास्त भार टाकतात. कार्ड बदललं असतं तर तीस-चाळीस हजार घालून तेच अडखळणं विकत घेतलं असतं!

आता यात आपल्या गावाचा मोठा हात आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा फक्त फिरवतो. त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. एप्रिल-मेमध्ये कुलाब्याला समुद्रावरचा वारा दुपारीच येतो आणि पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास रोखतो. तो वारा ठाण्याची खाडी ओलांडून आत पोचेपर्यंत उशीर होतो, आणि तोवर कल्याण-बदलापूर पट्टा चाळिशी पार करून बसलेला असतो. वर आमचं घर टॉप फ्लोअरला, गच्चीचा स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणजे तोच प्रोसेसर, तोच गेम, पण कुलाब्यात एक आणि डोंबिवलीत दुसरा! पीसीचे रिव्ह्यू लिहिणारी मंडळी एसी लॅबमध्ये बसून आकडे काढतात. आपण त्यात आपला मे महिना मिळवून वाचायचा.

दादाने ब्लोअर काढला. एक टिप देऊन ठेवतो : ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो गरगर फिरला तर बेअरिंग जातं आणि पंखा उलटा जनरेटरसारखा वीज तयार करून बोर्डाला त्रास देऊ शकतो. मग त्याने वाळून खडू झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासले आणि परत बसवताना थांबला.

"ह्या कोणी बसवल्या?"

मीच बसवल्या होत्या. शेजारी-शेजारी, पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये, दिसायला छान दिसतात म्हणून! चार स्लॉटच्या बोर्डात दोन पट्ट्या सहसा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, तेव्हा दोन्ही चॅनल एकदम चालतात. माझा रॅम इतकी वर्षं एकाच दाराने ये-जा करत होता. शिवाय बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं सेटिंग बंदच. त्यामुळे पैसे मोजले ३२०० स्पीडचे आणि रॅम चालत होता २४००वर. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. बायोस उघडलाच होता म्हणून त्याने टीपीएम आणि सिक्युअर बूटही चालू करून दिलं. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११वर 'व्हॅलोरंट' या दोघांशिवाय सुरूच होत नाही.

पुन्हा वीस मिनिटं गेम. पारा बहात्तरला थांबला. दादाने चहा मागवला.

टेबलाच्या पोटात

घरी येऊन पीसी जोडला. रात्री खेळायला बसलो. ८८ अंश!

दादाला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "कुठे ठेवलायस ते बघ."

तुमच्याकडेही असणार ते. प्लायवूडचं कॉम्प्युटर टेबल, कीबोर्डला सरकता ट्रे, उजव्या हाताला सीपीयूसाठी खास कप्पा आणि त्याला दार. आमचं टेबल २००३चं. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हळद-कुंकू लागलं होतं, आईने त्याच्यासाठी झालरीचं कव्हर शिवलं होतं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये तो टीव्ही-फ्रीजच्या वरच्या दर्जाचा पाहुणा होता, त्याला बंद कप्प्यात ठेवणं म्हणजे मान देणं. तेव्हाच्या पीसीला ते खपून जायचं, कारण तो खायचाच किती! आजचं मशीन गेम चालू असताना तीनशे वॅटच्या घरात वीज खातं आणि ती सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. मागून बाहेर पडलेली गरम हवा कप्प्यात अडते आणि पुढून परत आत शिरते. म्हणजे मी प्रोसेसरला त्याचाच उच्छ्वास हुंगायला लावत होतो.

दार काढलं. मग कॅबिनेटच कप्प्यातून काढून टेबलाशेजारी लाकडी पाटावर ठेवलं. जमिनीपासून वीतभर वर ठेवलं की केर मारताना उडणारी धूळ थेट आत जात नाही. भिंतीपासूनही वीतभर पुढे. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ शोषली जात नाही, जाळीवर अडते. आपल्याकडे मेट्रोची आणि काँक्रीटच्या रस्त्यांची कामं चालू असताना ही जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धुवाच. आई म्हणाली, "पाटावर बसवलंयस, आता नैवेद्यही दाखव." पारा चौऱ्याहत्तरला आला.

त्या रात्री मग हुरूप आला आणि एकेक पापं बाहेर पडायला लागली. सगळ्यात लाजिरवाणं आधी सांगतो. मी १४४ हर्ट्झचा मॉनिटर हौसेने घेतला होता आणि ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंही होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पहिल्या दिवसापासून ६०वर चालत होता! तुमचाही एकदा तपासा, प्लीज. हसताना तपासा हवं तर. (आमच्यातल्या दुसऱ्या डोंबिवलीकराने तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डमध्येच खोचली होती. वर्षभर.)

मग एफपीएसचा घोळ. सेकंदाला किती चित्रं, तो एफपीएस. सगळे सरासरीच्या मागे असतात, पण सरासरी फसवते. लोकलचंच बघा. तासाला वीस गाड्या, म्हणजे तीन मिनिटांना एक. पण त्यातली एक पंधरा मिनिटं आली नाही, तर प्लॅटफॉर्मवर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. गेममध्येही तसंच. साठ एफपीएसला प्रत्येक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी यायला हवं. एखादं शंभर मिलिसेकंद अडकलं की सरासरी फारशी हलत नाही, माणूस मात्र मरतो. म्हणून मी गेमला १४१ची मर्यादा घालून दिली. अडीचशेवरून नव्वदवर आपटण्यापेक्षा सारखं १४१ बरं. आणि कार्डाला, प्रोसेसरला उगाच पळावं लागत नाही, खोलीही कमी तापते. 'आफ्टरबर्नर'मध्ये कार्डाचं व्होल्टेज थोडं खाली आणलं. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. दहा-दहा पायऱ्यांनी खाली जायचं, गेम बंद पडायला लागला की एक पायरी वर यायचं. ओव्हरक्लॉकिंगची मर्दुमकी थंड हवेच्या गावांना लखलाभ, उन्हाळ्यात आपल्याकडे हेच कामाचं.

बाकी विंडोजमधली साफसफाई झटपट आटपली. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून ऑफिसची दोन चॅट अॅप्स, तीन गेम लाँचर आणि एक प्रिंटरवाला काढून टाकला. तो प्रिंटर आम्ही २०१९मध्ये भंगारात दिलाय! 'गेम बूस्टर' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर्स मात्र टाकू नका. स्वतःच मेमरी अडवून बसतात. आणि डिफ्रॅगची जुनी हौस असेल तर आवरा. एक्सपीच्या काळात रात्रभर ते लाल-निळे पट्टे सरकताना बघायला काय मजा यायची! एसएसडीला त्याची गरज नसते, विंडोज तिची वेगळी काळजी घेतं.

एक गोष्ट मात्र पैसे खर्चूनच सुटली. युपीएस. आमच्या पिढीच्या डोंबिवलीकरांना युपीएसची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २००५ ते २००८च्या दरम्यान मुंबईत दिवे लखलखत असायचे आणि खाडी ओलांडून इकडे आलं की लोडशेडिंग. मानपाडा रोडच्या सायबर कॅफेत वीस रुपये तास भरून 'काऊंटर स्ट्राइक १.६' खेळायला बसायचो ते वेळापत्रक बघून. तेव्हाचाच ६०० व्हीएचा युपीएस घरी होता, बॅटऱ्या बदलत चालवलेला. पण ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. गेम ऐन भरात, मॉनिटरही त्यावरच आणि लाइट क्षणभर जरी लुकलुकले तरी हा कोकलून बसायचा. आता मोठा घेतला. तेवढाच काय तो खर्च.

तळ्याकाठी पिंग

शुक्रवारी बसलो. चित्र लोण्यासारखं! आणि तरी दहा मिनिटांनी माझा माणूस भिंतीत अडकला, मग एकदम चार पावलं पुढे उगवला. आता हा इंटरनेटचा खेळ. ठाणेकर मित्र वागळे इस्टेटमध्ये नेटवर्किंगच्या कामात आहे. तो म्हणाला, "माझा एक चांगला राऊटर पडून आहे. ये आणि घेऊन जा." कुरिअरने पाठव म्हणणार होतो, पण तो आधीच म्हणाला, "तलावपाळीला सहा वाजता."

डोंबिवली-ठाणे. रविवार संध्याकाळ, दाराशी उभं राहून पारसिकचा डोंगर बघत गेलो. १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १८५४मध्ये रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून इकडच्या माणसाचं सगळं आयुष्य वेळेत पोचण्याभोवती फिरतंय. इंटरनेटही रुळांसारखंच वाटलेलं होतं. ठाणे एमटीएनएलच्या हद्दीत, कोड ०२२. आम्ही बीएसएनएलमध्ये, कोड ०२५१. जानेवारी २००५मध्ये दोन्हीकडे ब्रॉडबँड आलं आणि काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाऊनलोड फ्री असायचं. दोनचा गजर लावून गेमचे पॅच उतरवायचो आणि सकाळच्या लेक्चरला पेंगायचो.

मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून भेळ खाता खाता मित्राने जे समजावलं, ते कुठल्याच व्हिडिओत मला सापडलं नव्हतं. फायबरमध्ये सिग्नल एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो. २०२०मध्ये आलेल्या 'व्हॅलोरंट'ला मुंबईत सर्व्हर आहे. म्हणजे डोंबिवली ते मुंबई हा आपला सव्वा तासाचा प्रवास त्याच्यासाठी पाव मिलिसेकंदाचा. "मग तुला उशीर कुठे होतो? घरात होतो," तो म्हणाला. "दिव्याचं फाटक आठव."

आठवलं. फाटक उघडलं की लोकल खोळंबायच्या. घरात तेच. आईचा फोन रात्री अकराला दिवसभराचे फोटो क्लाऊडवर चढवायला लागतो, बाबांची मालिका चालू असते, राऊटर सगळ्यांची पॅकेट्स एका रांगेत लावतो आणि माझी एवढीशी गोळी त्या रांगेत मागे उभी राहते. याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड वाढवून हे जात नाही. चांगल्या राऊटरमध्ये रांग लावायचं सेटिंग असतं, त्यात अपलोडला खऱ्या स्पीडच्या नव्वद टक्क्यांची मर्यादा घालायची. मग रांग साचतच नाही. आणि वाय-फाय सोडून केबल ओढायची. टॉवर असो की चाळ, प्रत्येक घरात दोन-दोन राऊटर ओरडतायत, त्या गोंगाटात आपलं कोण ऐकणार?

"वीस मीटर पुरेल का?" मी विचारलं.

"पुरेल. वन बीएचकेच ना रे तुझा," तो म्हणाला आणि मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. "त्या शुक्रवारी तू आला नाहीस, तेव्हा मीही अर्ध्यातून उठलो. कंटाळा आला."

राऊटर त्याने पिशवीत घालून दिला. भेळेचे पैसेही त्यानेच दिले.

परवाच्या शुक्रवारी केबल दारावरून ओढलेली, पाटावर पीसी, पारा सत्तरच्या जरा वर, पिंग आठ-नऊ. पहिली मॅच आम्ही सपशेल हरलो, त्याचं खापर आता पीसीवर फोडता येईना. दुसरी जिंकलो. कल्याणकराच्या बाबांना घरी सोडलंय, ते फिरायला लागलेत. एक वाजता ठाणेकर म्हणाला, "रविवारी कल्याणला जमायचं का सगळ्यांनी? दादाला माझंही मशीन दाखवायचंय, हल्ली जरा अडखळतंय."

"कार्ड काढून आण," मी सांगितलं. "आणि चादर विसरू नकोस."